इंजिनाचें जुनें दुखणें व त्याचें खरें निदान



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत जी रक्तस्रावानें पीडलेली स्त्री आपणांस भेटते, तिच्याविषयीं आपल्या मंडळ्यांत पुष्कळ उपदेश झाले आहेत, आणि बहुतेक उपदेश तिच्या विश्वासापाशीं येऊन थांबतात. तसें थांबणें योग्यच आहे. परंतु शुभवर्तमानकारानें तिच्या बारा वर्षांचा जो हिशेब अगोदर देऊन ठेविला आहे, तो आपण घाईनें ओलांडून जातों. वैद्य पुष्कळ झाले, जवळ होता तितका पैसा गेला, आणि दुखणें हटण्याऐवजीं वाढलें. त्या वैद्यांपैकीं कोणी लबाड होता असें तेथें म्हटलेलें नाहीं. प्रत्येकानें आपापल्या समजुतीप्रमाणें औषध दिलें असेल. दुखण्याचें मूळ कोठें आहे हें मात्र एकासही कळलें नाहीं, आणि न कळतां प्रत्येकानें आपले पैसे मोजून घेतले.

आज हा उतारा काढण्याचें निमित्त मोटारगाडी हें आहे. कोणी म्हणेल, देवाच्या वचनांत गॅरेज कोठून आलें? पण ज्याच्या घरीं जुनी गाडी आहे आणि ती वर्षभर एकाच रोगानें पडून उठते, तो बंधु हा प्रश्न विचारणार नाहीं. त्याचें चित्त प्रार्थनेंतही त्या बोनेटाखालीं असतें. हप्ता थकलेला, घरांत कुरबूर, आणि मिस्तरीशीं बोलणें बंद. खेड्यांतील कुटुंबाचा जो पैसा अशा रीतीनें गळतो, त्याची गोष्ट मंडळीपुढें काढण्यास मला संकोच वाटत नाहीं.

समजा, मुदखेडच्या एका बंधूजवळ दुसऱ्याची वापरलेली, पेट्रोलवर चालणारी मोटार आहे. आपल्या मुदखेडाचीं फुलें सर्वांस ठाऊक आहेत. तो पहाटे गाडींत फुलांचीं ओझीं घालून नांदेडास नेतो, आणि दिवसां कोणी आजारी पडला तर त्यास दवाखान्यांत पोंचवितो. वाट वीस-पंचवीस किलोमीटरांची. पहाटेच्या गारव्यांत गाडी विनातक्रार जाते. परंतु चैत्र-वैशाखाच्या दुपारीं परत येतांना ती मध्येंच एक झटका देऊन बंद पडते. सेल्फ मारली तर इंजिन फिरतें, पण पेट घेत नाहीं. अर्धा तास झाडाखालीं उभी केली कीं कांहींच न झाल्यासारखी सुरू होते.

त्यानें पहिल्या मिस्तरीकडे नेली. प्लग बदलले. आठ दिवस बरें वाटलें. पुन्हां बंद. दुसऱ्यानें बॅटरी बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. पुन्हां बंद. तिसऱ्यानें टाकींतील पंप बदलला, आणि हा खर्च सर्वांत मोठा होता. पंधरा दिवस पावसाळी हवा होती, तेवढे दिवस गाडी चालली. ऊन पडलें आणि ती पुन्हां वाटेंत उभी. शुभवर्तमानांतील बारा वर्षें येथें बारा महिन्यांत उरकलीं, इतकेंच.

ही नुसती गैरसोय आहे असें कोणी समजूं नये. फुलें उन्हांत थांबत नाहींत. बाळंतीण थांबत नाहीं. शिवाय मुदखेड हें रेल्वेचें जंक्शन आहे. आदिलाबादेची वाट येथूनच फुटते. आगगाडीचें फाटक ओलांडण्याचा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांस येतो, आणि जी गाडी सांगून बंद पडत नाहीं ती रुळांवरही बंद पडूं शकते. (असें झालेंच तर गाडी ढकलीत बसूं नये. आधीं सर्व माणसें खालीं उतरवावीं, रुळांपासून दूर न्यावीं, आणि फाटकवाल्यास तत्काळ सांगावें. गाडीचें मागाहून पाहतां येईल.)

आतां हा रोग इतका हट्टी कां? कारण तो नेहमीं हजर नसतो. गॅरेजमध्यें गाडी पोंचते तेव्हां ती थंड झालेली असते व झकास चालते. जो दोष या घटकेस अंगांत नाहीं तो कोणास सांपडणार? मग मिस्तरी बिचारा अनुभवावरून अंदाज करितो. शंभर गाड्यांत जें बिघडलेलें त्यानें पाहिलें, तेंच हिच्यांतही बिघडलें असेल असें धरून तो पार्ट बदलतो. अंदाज बरोबर आला तर त्याचें नांव होतें. चुकला तर पैसा गिऱ्हाइकाचा जातो.

म्हणून पहिलें काम मिस्तरीचें नाहीं, आपलें आहे. गाडी बंद पडली त्या घटकेचा साक्षीदार मिस्तरी नव्हता, आपण होतों. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा आपण लहानपणीं पाठ केली. पण न पाहिलेलें पाहिलें म्हणून सांगणें आणि पाहिलेलें धड न सांगणें हींही साक्ष बिघडविणारींच होत. पुढील संभाषण आपल्या भागांतील कोणत्याही गॅरेजपाशीं ऐकूं येईल असें आहे:

“काय झालं भाऊ गाडीला?”

“लई दिवसांची कटकट हाय, मिस्तरी. कवाबी बंद पडती.”

“कवाबी म्हंजे? सकाळी पडती का?”

“सकाळी न्हाई पडत.”

“मग दुपारी?”

“दुपारी पडती.”

“जाताना का येताना?”

“येतानाच. नांदेडात दोन तास उन्हात उभी केली म्हंजे हमखास.”

पाहा, ‘कवाबी’ हा शब्द खोटा होता. बंधु खोटें बोलण्याच्या इच्छेनें आला नव्हता. कंटाळला होता, आणि कंटाळलेलें मन सर्वच वेळांचा एक गोळा करितें. चांगल्या मिस्तरीनें तीन प्रश्नांत त्या गोळ्यांतून खरी साक्ष बाहेर काढिली. ज्या गॅरेजांत असे प्रश्न विचारिले जात नाहींत, गाडी उभी राहतांच पान्हा हातांत घेतला जातो, तेथें थोडें सावध असावें. मिस्तरी जितका थोर, तितके त्याचे प्रश्न अधिक, असें मीं बहुधा पाहिलें आहे.

तेव्हां गाडींत एक दोन आण्यांची म्हणा वा दहा रुपयांची म्हणा, वही ठेवावी. गाडी बंद पडेल त्या त्या वेळीं तारीख, वेळ, किती किलोमीटर चालली होती, ऊन कीं पाऊस, चढ कीं सपाटी, टाकींत पेट्रोल किती, माणसें व ओझें किती, हें लिहावें. हळूहळू दम तोडून बंद पडली कीं दिवा विझावा तशी एकदम, हें अवश्य लिहावें. कारण पेट्रोल कमी पडल्यास इंजिन बहुधा आचके देत मरतें, आणि विजेचा धागा तुटल्यास तें एकदम मरतें. हा नियम अपवादाविना नाहीं, पण दिशा दाखवितो. बंद पडल्यावर सेल्फ मारतांना समोरचा आर.पी.एम.चा कांटा हालतो कीं शून्यावर पडून राहतो, हेंही पाहावें. पिवळा चेक लाईट लागला होता काय? किती मिनिटांनीं पुन्हां सुरू झाली? ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्यावें. अशा पांच नोंदी पन्नास अंदाजांहून मोलाच्या आहेत.

येथें एका जुन्या उपायाविषयीं बोलावें लागेल, कारण वडीलधारी मंडळी तो अजूनही सांगतात. मुंबईंत काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी फिरत. त्या बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून त्या टॅक्सींनीं २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची रजा घेतली. त्या गाड्यांचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. उन्हाळ्यांत इंजिनाच्या धगीनें पंपांत व नळींत पेट्रोलाची वाफ होई, वाफेमुळें पेट्रोल पुढें सरकेना, आणि गाडी थांबे. मग चालक पंपावर ओलें फडकें गुंडाळी. वाफ निवे, गाडी चाले. उपाय खरा होता, आणि त्या गाडीपुरता तो निदानही होता.

पण आमच्या समजलेल्या बंधूची गाडी तशी नव्हे. आजच्या गाडींत पंप टाकीच्या आंत पेट्रोलांत बुडलेला असतो, आणि पेट्रोल दाबाखालीं इंजिनाकडे येतें. दाबाखालीं वाफ सहजीं होत नाहीं. तरी एखादे काका सांगतील, “मीं स्वतः फडकें टाकलें आणि गाडी सुरू झाली.” झाली असेल. पण पाणी शोधण्यास, फडकें भिजविण्यास, बोनेट उघडून तें घालण्यास जो अर्धा तास गेला, त्या अर्ध्या तासांत गाडी कांहीं न करितांही सुरू झालीच असती! मग तिला फडक्यानें बरें केलें कीं वेळेनें, हें कशावरून ठरवावें? औषध घेतलें व बरें वाटलें, म्हणून औषधानेंच बरें वाटलें, हा न्याय देवऋषीच्या ओट्यावर चालतो. गॅरेजमध्यें तो चालूं देऊं नये. पहिल्या तिन्ही मिस्तरींचा धोका ह्यांतच झाला: पार्ट बदलल्यावर आठ दिवस गाडी बंद पडली नाहीं, म्हणून रोग गेला असें त्यांनीं धरिलें, ती आठ दिवस उन्हांत उभीच राहिली नव्हती हें कोणी विचारलें नाहीं.

आतां स्कॅनर. आपल्या देशांत २०१३ च्या एप्रिलपासूनच्या भारत स्टेज चार वर्गांतील मोटारींत इंजिनाच्या दोषांवर स्वतः पहारा ठेवणारी यंत्रणा असते. चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डाखालीं बहुधा सोळा भोकांचा एक सांधा असतो. त्यांत स्कॅनर जोडला कीं गाडीचा संगणक आपल्या नोंदी सांगूं लागतो. दोष आढळल्यास तो एका आंकड्यानें नोंदलेला असतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरांत मिसिंग होत आहे, पी ०१७१ म्हणजे इंजिनांत हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडत आहे, पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सराच्या वायरींच्या फेऱ्यांत कोठें तरी बिघाड आहे.

ह्या आंकड्यांविषयीं आपल्या लोकांत एक मोठी भूल आहे, आणि कित्येक मिस्तरींतही आहे. आंकडा म्हणजे निकाल नव्हे. तो फिर्यादीचा पहिला जबाब आहे. पेट्रोल कमी पडत आहे असें गाडीनें म्हटलें, तर पंप दुबळा असेल, फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टरांत घाण असेल, अथवा हवेच्या रबरी नळीस चीर पडून मापाबाहेरची हवा आंत शिरत असेल. चौथ्या कारणाला थोड्या पैशांची नळी पुरते. पहिल्या कारणाला पंप लागतो. आंकडा वाचून लगेच पार्ट मागविणारा मिस्तरी त्या चौघांतून एकास डोळे मिटून पकडतो.

आणखी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे. आंकड्याबरोबर गाडी त्या क्षणाचें एक चित्रही जपून ठेविते: इंजिन किती फेरे घेत होतें, पाणी किती तापलें होतें, गाडीचा वेग किती होता. स्कॅनरवर ‘क्लियर’ दाबलें कीं आंकडा जातो आणि तें चित्रही जातें. पुष्कळ ठिकाणीं गाडी आली कीं प्रथम क्लियर करितात. दिवा विझतो, गिऱ्हाईक आनंदानें घरीं जातो. हें म्हणजे पंचनामा होण्यापूर्वीं जागा सारवून काढण्यासारखें आहे. म्हणून नम्रपणें म्हणावें, “मिस्तरी, आधीं सगळे आंकडे कागदावर उतरवा, नाहीं तर मला फोटो काढूं द्या, मग पुसा.” बॅटरीची तार काढल्यानेंही पुष्कळ गाड्यांत ह्या नोंदी पुसल्या जातात, हें ध्यानांत असावें.

नोंदी हातीं आल्यावर शोध कसा चालावा? यहोशवाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांत आखानाची गोष्ट आहे. सर्व छावणींत दोष कोठें लपला हें कोणास ठाऊक नव्हतें. तेव्हां आधीं वंश, मग त्यांतील कुळ, मग त्यांतील घराणें, आणि शेवटीं एक मनुष्य, अशा क्रमानें शोध उतरत गेला. छावणींतील प्रत्येक तंबू उपटण्याची गरज पडली नाहीं. तेथें चिठ्ठीनें काम झालें. मिस्तरीपाशीं चिठ्ठी नाहीं, पण मीटर आहे, दाबाचा गेज आहे, आणि क्रम तोच आहे. पेट्रोलचें इंजिन चालण्यास मुख्यतः चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरांतील दाब. गाडी बंद असतांना ह्या चार वंशांपैकीं कोणता उणा आहे हें आधीं ठरवावें. ठिणगी येत असेल तर कॉइल-प्लगांच्या घराण्याकडे जाण्याचें कारण नाहीं. पेट्रोलाचा दाब गेजवर पुरा दिसत असेल तर पंप निर्दोष आहे, त्यास हात लावूं नये. थेट हेड उतरवून इंजिन उघडणें म्हणजे सर्व छावणी उपटणें होय. हा उपाय दाब मोजून तो कमी भरल्यावांचून कोणी सुचविला तर दुसऱ्या जाणत्या माणसास विचारावें.

कधीं दोन पार्टांवर सारखाच संशय येतो. अशा वेळीं गिदोनाची लोंकर आठवावी. गिदोनास एक खूण मिळाली: लोंकर ओली, भुई कोरडी. त्याला तेवढ्यानें पुरलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं त्यानें उलट खूण मागितली: भुई ओली, लोंकर कोरडी. उपदेशक त्याच्या ह्या अविश्वासास नांवें ठेवितात, आणि कदाचित् ठेवावींही. परंतु मिस्तरीनें त्याच्यापासून एक युक्ति उचलण्यास हरकत नाहीं. पहिला सिलिंडर मिसिंग करितो असें गाडी म्हणते. पहिल्याची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवावी, तिसऱ्याची पहिल्यावर. मग गाडी चालवून पाहावी. मिसिंग पहिल्यावरून तिसऱ्यावर गेली तर कॉइल दोषी. पहिल्यावरच राहिली तर कॉइल निर्दोष; आतां प्लग, मग इंजेक्टर, मग दाब. ह्या परीक्षेस नवा पार्ट लागत नाहीं, एक पैसा लागत नाहीं, थोडा घाम लागतो. आणि ती न करितां चारी कॉइली नव्या घालण्यास किती लागतात, हें ज्यांनीं घातल्या त्यांस विचारावें.

आपल्या उदाहरणाकडे परत येऊं. थंडींत चांगली, तापल्यावर एकदम मृत, निवल्यावर जिवंत: ह्या लक्षणांवर ज्यांचा संशय घ्यावा त्यांत क्रँक सेन्सर हा वरच्या ओळींत आहे. इंजिनाचा दांडा फिरतांना त्यावरील दांते मोजून तो संगणकास सांगतो कीं पिस्टन आतां कोठें आहे. कित्येक सेन्सरांत केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. ती जुनी होऊन तिला सूक्ष्म चीर पडली म्हणजे तापल्यावर चीर फांकते, निवल्यावर पुन्हां मिळते. खबर आली नाहीं कीं संगणक आंधळा होतो. मग तो ठिणगीही देत नाहीं आणि पेट्रोलही सोडीत नाहीं. म्हणूनच आर.पी.एम.च्या कांट्याची नोंद महत्त्वाची. सेल्फ मारतांना इंजिन फिरत आहे आणि स्कॅनरवर फेरे शून्य दिसत आहेत, तर संशय दृढ झाला. तेव्हां सेन्सर मीटरनें तापलेला असतांनाच मोजावा. थंड मोजला तर तो निर्दोष दिसेल, आणि पुन्हां पंपाची पाळी येईल!

तरीही येथें थांबूं नये. तापल्यानें टाकींतील पंपही असाच दगा देतो, विशेषतः टाकी सदा रिकामी ठेवणाऱ्यांचा, कारण पंपास थंड ठेवण्याचें काम भोंवतालचें पेट्रोलच करितें. रिलेचे सांधे, जमिनीची म्हणजे अर्थची सैल वायर, हींही तापल्यावर सुटतात. आणि खेड्यांत एक चोर आणखी आहे: उंदीर. सोयाबीन वा कापूस जेथें सांठविला तेथेंच गाडी उभी केली तर उंदीर रात्रीं बोनेटाखालीं शिरून वायरींचें कवच कुरतडतात. सेन्सर नवा घातला व वायर कुरतडलेलीच राहिली, तर सर्व व्यर्थ. म्हणून इंजिन चालू असतांना वायरींचे जुडगे हातानें हलवून पाहणें ही साधी परीक्षा आहे. हलवितांच इंजिन अडखळलें तर चोर तेथेंच आहे. डिझेलच्या जीपगाड्यांविषयीं वेगळें लिहावें लागेल. तेथें ठिणगी नाहीं, पण फिल्टरांत सांचलेलें पाणी, नळींत शिरलेली हवा व दाबाची तूट हीं आधीं पाहावीं.

हल्लीं कोणताही बिघाड झाला कीं इथेनॉलला दोष देण्याची चाल पडली आहे. पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें ध्येय देशानें २०२५ सालीं गांठलें, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची चिंता लोकांस वाटते ती अगदींच निराधार नाहीं. शिवाय असें पेट्रोल पाणी ओढून घेतें, आणि पाणी फार झालें तर तें इथेनॉलासह तळाशीं बसतें. पण जी गाडी रोज पहाटे त्याच पेट्रोलावर नीट जाते व दुपारींच थांबते, तिचा दोष पेट्रोलावर ढकलण्यापूर्वीं थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून, घट्ट झांकून, घरापासून व विस्तवापासून दूर रात्रभर ठेवावें आणि सकाळीं तळाशीं वेगळा थर दिसतो काय हें पाहावें. दिसला नाहीं तर त्या आरोपांतून पेट्रोलास मोकळें करावें.

आतां एक कठीण गोष्ट. हा सर्व शोध करण्यास वेळ लागतो, आणि वेळाचे पैसे देण्यास आपण तयार नसतों. मिस्तरीनें दोन तास उन्हांत गाडी तापवून, वायर न् वायर मोजून शेवटीं एक सैल पिन दाबून बसविली, आणि पांचशें रुपये मागितले, तर आपण म्हणतों, “पिन तर दाबली! पार्ट कोणता घातला?” तोच मनुष्य न पाहतां पांच हजारांचा पंप घालील तर आपण मुकाट्यानें देतों, कारण हातांत खोकें दिसतें. मग मिस्तरी काय शिकतो? विचाराची मजुरी कोणी देत नाहीं, पार्टांत मात्र नफा आहे, हें आपणच त्यास शिकवितों. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी देवाच्या कानीं ओरडते असें याकोबानें आपल्या पत्रांत बजाविलें आहे. ती मजुरी हातपायांचीच असते असें मानण्यास मला कारण दिसत नाहीं. म्हणून गाडी देतांना स्पष्ट बोलावें: “आधीं दोष शोधा. शोधण्याची मजुरी मी वेगळी देईन. काय सांपडलें, कसें सांपडलें तें दाखवा. मला विचारल्यावांचून पार्ट घालूं नका.” असा करार करणारा गिऱ्हाईक गॅरेजला क्वचितच भेटतो, आणि भला मिस्तरी त्याचें काम मन लावून करितो.

मुदखेडच्या मिस्तरीपाशीं स्कॅनर वा दाबाचा गेज नसेल तर त्यानें तसें सांगणें हा त्याचा कमीपणा नव्हे. “हें माझ्या हातचें नाहीं, नांदेडास न्या” असें म्हणणारा मनुष्य विश्वासास पात्र आहे. पुढच्या वेळीं ब्रेकाचें काम त्यालाच द्यावें. नांदेडास नेतांना वही, जुन्या पावत्या व काय काय बदललें त्याची यादी बरोबर असावी. मात्र पहिल्या मिस्तरीची निंदा दुसऱ्यापुढें करूं नये. एक तर तें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं, आणि दुसरें, त्यानें दुसऱ्याची बुद्धि कलते; पहिल्यानें जें तपासलें तें सर्व चुकलेलेंच असेल असें तो धरून बसतो.

दुरुस्ती झाली, बिल झालें, चावी हातांत आली. येथेंच पुष्कळांची फसगत होते. बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट मार्कानेंच सांगितली आहे. प्रभूनें त्याच्यावर हात ठेविले, आणि मग त्यास विचारलें कीं तुला कांहीं दिसतें काय. त्या मनुष्यानेंही भिडेखातर ‘सर्व ठीक’ असें म्हटलें नाहीं. माणसें चालत्या झाडांसारखीं दिसतात हें खरें तें सांगितलें. मग पुन्हां हात ठेविले गेले, आणि त्यास स्पष्ट दिसूं लागलें. स्वतः प्रभूनें विचारून पाहिलें, तर गॅरेजवाल्यानें विचारण्यांत कोणता कमीपणा? गॅरेजच्या दारांतून कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारणें ही ट्रायल नव्हे. ज्या उन्हांत, ज्या ओझ्यानिशीं, जितका वेळ उभी राहून गाडी बंद पडत असे, त्याच स्थितींत ती चालवावी. शक्य तर मिस्तरीस बरोबर घ्यावें. नोंदींवरून गाडी दर तीन-चार दिवसांनीं थांबत होती असें दिसलें, तर दोन दिवस चांगली चालणें ह्यास कांहीं अर्थ नाहीं. तीन-चार आठवडे गेले पाहिजेत. आणि अजून झाडें चालतांना दिसत असतील तर भीड न धरितां तसें सांगावें.

काढलेला जुना पार्ट परत मागावा. नव्याची पावती, त्यावर पार्टाचें नांव, तारीख, गाडीचे किलोमीटर व हमीची मुदत असावी. तोंडी हमी सहा महिन्यांनीं कोणास आठवत नाहीं, आणि ह्यांत लबाडी असतेच असें नाहीं. आपणांसही कोठें आठवते?

इतकें करूनही कोणी न केलेल्या कामाचे पैसे घेतले, अथवा पुनःपुन्हां पैसे घेऊन दोष तसाच ठेविला, तर काय करावें? मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें जो क्रम घालून दिला तो येथेंही उपयोगीं पडतो. आधीं एकट्यानें जाऊन त्याच्याशीं बोलावें, दुकानांत चार गिऱ्हाइकांसमोर नव्हे. ऐकलें नाहीं तर एक-दोन जाणत्या साक्षीदारांस बरोबर न्यावें, आणि तक्रार लेखी देऊन तिची पोंच घ्यावी. तरीही ऐकलें नाहीं तर कायद्याचें दार आहे, आणि तें ठोठावण्यांत क्षमाशीलतेला बाध येत नाहीं. पौलानेंही आपला नागरिकाचा हक्क प्रसंगीं सांगितला होता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखालीं सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करितां येते. आपल्या जिल्ह्याचा आयोग नांदेडास आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल झाली पाहिजे, दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. त्यापूर्वीं १९१५ ह्या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनकडे गाऱ्हाणें नोंदवितां येतें. कित्येक प्रकरणें तेथेंच मिटतात. आयोगापुढें जातांना पावत्या, लेखी तक्रारीची पोंच, दोषाच्या आंकड्यांचे फोटो आणि दुसऱ्या जाणत्या मिस्तरीचा लेखी अभिप्राय बरोबर न्यावा. हा अभिप्राय गाडी पुन्हां उघडण्यापूर्वींच घ्यावा, कारण एकदां तिसऱ्या हातानें काम झालें कीं पहिल्यानें काय केलें होतें हें सिद्ध करणें फार कठीण जातें.